प्रतिजैविकांवाचून कुक्कुटपालन : रायगडच्या किनाऱ्यावरील पोल्ट्रीधारकांसाठी

रेवस-मांडव्यापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंतच्या किनारपट्टीत, आणि तिच्या पाठीमागच्या पेण, रोहा, माणगाव या तालुक्यांत, भाताच्या एका पिकावर वर्षाचा खर्च भागत नाही म्हणून ज्या शेतकऱ्यांनी घराजवळच्या वरकस जमिनीवर पोल्ट्रीची शेड उभारली, त्यांचा धंदा मुंबईच्या बाजारपेठेवर आणि शनिवार-रविवारच्या पर्यटकांवर चालतो. आषाढी अमावास्येच्या सुमारास आणि डिसेंबरच्या अखेरीस मागणी चढते, श्रावणात ती एकदम उतरते. आणि या चढउताराच्या हिशेबाने पिल्लांचा लॉट कोणत्या तारखेस टाकावयाचा हे ठरवावे लागत असल्यामुळे, चाळीस दिवसांच्या त्या अल्प मुदतीत एकही दिवस आजारपणात वाया जाऊ नये, अशी प्रत्येकाची धडपड असते. या धडपडीतूनच पिल्ले शेडमध्ये उतरल्याच्या पहिल्या दिवसापासून, कोणताही आजार दिसत नसता, पाण्यातून आणि खाद्यातून प्रतिजैविके देण्याचा शिरस्ता पडला. तो शिरस्ता मोडावा, आणि तो मोडताना ओवा, लसूण, हळद यांसारख्या वनस्पतींचे साहाय्य कितपत व कसे घ्यावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

हा शिरस्ता आपल्याकडचा नव्हे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स या दोन संशोधकांना असे आढळून आले की, ऑरिओमायसिन हे औषध तयार करून झाल्यावर उरलेला चोथा खाद्यात मिसळला असता पिल्ले अधिक वेगाने वाढतात. आणि या एका निरीक्षणावर जगभरच्या पशुखाद्याच्या व्यवसायाने पुढील अर्धशतकाची इमारत उभारली. तिच्यातील धोका लक्षात येण्यास फार काळ लागला नाही. ब्रिटनमध्ये स्वान समितीने 1969 सालीच असा इशारा दिला होता की, माणसाच्या उपचारासाठी लागणारी औषधे जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत. स्वीडनने 1986 साली वाढीसाठीचा हा वापर कायद्याने बंद केला, आणि 1 जानेवारी 2006 पासून तो सर्व युरोपीय संघात बंद झाला. आपल्या देशात, दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने 2014 साली दिल्ली व भोवतालच्या परिसरातून कोंबडीच्या मांसाचे 70 नमुने तपासले, तेव्हा त्यांपैकी 40 टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. पुढे 2015 साली चीनमध्ये, कोलिस्टिन या अखेरच्या उपायाच्या औषधास दाद न देणारा आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा जनुक सापडला. आणि 2019 च्या जुलै महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांत कोलिस्टिनचा वापर, विक्री व निर्मिती यांस मनाई केली.

पोल्ट्रीधारकाने हा इतिहास जाणून घ्यावा याचे कारण असे की, त्याच्या शेडमध्ये जे घडते ते शेडपुरते राहत नाही. पक्ष्यांना रोज थोडेथोडे दिले जाणारे औषध सर्व जंतूंना मारीत नाही. जे त्यास पुरून उरतात त्यांचीच प्रजा वाढते, आणि ती विष्ठेतून तुसात, तुसातून खतात, खतातून भाजीच्या वाफ्यात आणि विहिरीत उतरते. पक्ष्यांना दिल्या जाणाऱ्या एन्रोफ्लॉक्सॅसिनचे त्यांच्या शरीरात सिप्रोफ्लॉक्सॅसिन होते, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे माणसाला दिले जाणारे औषध आहे. त्या शेडमध्ये प्रथम वावरतो तो शेतकरी, त्याची बायको आणि शाळेतून आल्यावर पाण्याची भांडी धुणारी त्याची मुले. उद्या त्यांच्यापैकी कोणाला जंतुसंसर्गाचा ज्वर आला आणि नेहमीचे औषध लागू पडेनासे झाले, तर त्याचे मूळ घराच्या अंगणातच असू शकेल.

कायद्याची एक तरतूद अशी आहे की, तिचा अर्थ नीट समजून घेतला तर पुष्कळसा वाद संपतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीच्या नियमावलीत 2012 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पशुपक्ष्यांच्या औषधाच्या वेष्टनावर शेवटची मात्रा आणि कत्तल यांमध्ये किती दिवसांचे अंतर ठेवावे हे लिहिलेले असले पाहिजे. आणि जेथे असे अंतर निश्चित केलेले नाही तेथे ते मांसासाठी किमान 28 दिवस आणि अंड्यांसाठी किमान 7 दिवस धरावे लागते. ब्रॉयलर पक्ष्याचे सारे आयुष्यच 35 ते 42 दिवसांचे. म्हणजे ज्या पुडीवर मुदत लिहिलेली नाही ती पुडी पहिल्या, फार तर दुसऱ्या आठवड्यानंतर त्या शेडमध्ये शिरताच कामा नये, इतका हा हिशेब सरळ आहे. तेव्हा ज्या पुडीवर घटक नाहीत, मुदत नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, ती कोणीही कितीही आग्रहाने दिली तरी परत करावी.

आता कोणी विचारील की, प्रतिजैविके काढून घेतल्यावर पक्षी वाढतील कसे? याचे उत्तर देण्यापूर्वी ती औषधे पक्ष्यांच्या पोटात नेमके काय करीत होती हे पाहिले पाहिजे. ती आतड्यातील जंतूंची संख्या कमी करीत, त्यामुळे आतड्याच्या अस्तराचा दाह कमी होई, आणि जे अन्न दाहाशी झगडण्यात खर्च व्हावयाचे ते मांसाच्या वाढीस लागे. जेथे शेड ओलसर, पाणी दूषित आणि पक्ष्यांची दाटी अधिक, तेथे हा लाभ मोठा दिसे. जेथे स्वच्छता चांगली तेथे तो जवळजवळ नाहीसा होई. डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी 1998 साली ही औषधे खाद्यातून काढली, तेव्हा मरतुक वाढली नाही आणि दर चौरस मीटरमागे मिळणारे मांसही घटले नाही. खाद्य मात्र किंचित अधिक लागले. अमेरिकेत सुमारे 70 लाख कोंबड्यांच्या नोंदींवरून 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष तर असा निघाला की, वाढीसाठी दिलेल्या प्रतिजैविकांपासून होणारा फायदा त्यांची किंमतही भरून काढीत नाही. यावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, प्रतिजैविक ही आपल्या शेडमध्ये अस्वच्छतेची भरपाई होती. आणि ती भरपाई ओव्याने किंवा हळदीने होणार नाही, तर आधी कोरड्या तुसाने आणि गोड्या पाण्याने होईल. वनस्पतींचे काम त्यानंतर सुरू होते. ज्यांनी हा क्रम उलटा धरला, त्यांची निराशा झाली आणि त्यांनी दोष मात्र वनस्पतींना दिला.

पाण्यापासून आरंभ करू, कारण आपल्या किनाऱ्यावर खरी अडचण तेथेच आहे. खाडीलगतच्या खारपट्ट्यात, विशेषतः फेब्रुवारी उलटला की, विहिरींना आणि कूपनलिकांना मचूळ पाणी येऊ लागते. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे 1000 मिलिग्रॅमच्या आत असेल तर चिंता नाही. 1000 ते 3000 च्या दरम्यान पक्ष्यांची विष्ठा पातळ होऊ लागते. 3000 च्या वर ते पाणी कोंबड्यांना देण्यायोग्यच नव्हे. खाद्यात मीठ आधीच मिसळलेले असते, त्यात पाण्यातील मिठाची भर पडली की पक्षी अधिक पाणी पितो, विष्ठा पातळ होते, तूस भिजते, भिजलेल्या तुसात रक्ती हगवणीचे बीज पोसते आणि अमोनियाचा दर्प सुटतो; आणि हे सारे पाहून घाबरलेला माणूस हगवण थांबविण्यासाठी प्रतिजैविकाची पुडी पाण्यात ओततो. येथे रोग जंतूंचा नसून मिठाचा असतो, आणि मिठावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. म्हणून पाण्याचा नमुना वर्षातून दोनदा, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा पावसाळ्याच्या तोंडावर, तपासून घ्यावा. पावसाळ्यातील धोका निराळा आहे: तेव्हा खारटपणा उतरतो, पण वाहून आलेल्या घाणीमुळे जंतूंची भर पडते, यास्तव क्लोरिनची मात्रा नळीच्या शेवटच्या टोकाशी दोन ते तीन पीपीएम भरेल इतकी ठेवावी. टाकीत औषध टाकले म्हणजे काम झाले असे समजू नये. मोजणी शेवटच्या भांड्याशी करावी.

पाणी किंचित आंबट असले म्हणजे आतड्यातील उपद्रवी जंतूंना ते मानवत नाही, हे खरे आहे. आणि कोकणात राहणाऱ्याला लगेच कोकमाची आठवण होते. पण येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. घरातील आगळ आणि आमसुले यांत मीठ असते, आणि ज्या पक्ष्यांना आपण मिठापासून वाचवू पाहतो त्यांनाच ते पाजणे म्हणजे केलेले काम वाया घालविणे होय. बिनमिठाच्या ओल्या कोकमसालीचे पाणी चालेल, परंतु त्याची आंबटाई प्रत्येक खेपेस वेगळी येते. मोजूनमापून काम करणाऱ्याने बाजारातील सायट्रिक आम्ल घ्यावे, रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने पाण्याचा सामू साडेपाच ते सहाच्या दरम्यान आणावा, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवसच असे पाणी द्यावे.

तुसाविषयी तितकेच काटेकोर असावे लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात भाताचे तूस मुबलक मिळते, ते कोरडे राखणे मात्र कठीण. जूनपूर्वी पुरेसे तूस ताडपत्रीखाली साठवून ठेवावे आणि पावसाळी लॉटसाठी थर तीन ते चार इंचांचा करावा. मूठभर तूस घट्ट दाबून सोडावे: त्याचा गोळा तसाच राहिला तर ते ओले आहे, हलकेच विस्कटले तर योग्य आहे. पाऊस आत येतो म्हणून शेडचे पडदे खालपासून वरपर्यंत बंद करून टाकण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती मला सर्वांत घातक वाटते. कारण अमोनिया आतच कोंडतो, त्याने श्वासनलिकेचे अस्तर करपते, आणि मग जो ई. कोलाय जंतू एरवी निरुपद्रवी राहिला असता तो फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत शिरतो. पडद्याचा वरचा फूटभर भाग नेहमी उघडा ठेवून बाहेरून पुढे आलेल्या पागोळीने पाऊस अडवावा. आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरले तर अमोनिया मर्यादेपलीकडे गेला आहे असे समजावे. पक्ष्याचे डोके तर आपल्यापेक्षा जमिनीच्या कितीतरी जवळ असते. तूस रोज सकाळी हलवावे, भांड्याखालचे ओले तूस उचलून बाहेर काढावे. पक्षी आत असताना चुना पसरू नये, कारण त्याने अमोनिया अधिकच सुटतो. चुन्याचा वापर शेड रिकामी असताना करावा.

इतकी तयारी झाल्यावर वनस्पतींकडे वळावे. ज्यांच्याविषयी पुष्कळ प्रयोग झालेले आहेत आणि ज्या आपल्या घरात आहेत त्यांतील पहिली म्हणजे ओवा. ओव्याच्या तेलाचा मुख्य घटक थायमॉल. युरोपात खाद्यामध्ये ज्या ओरेगानोच्या तेलाचा बोलबाला आहे त्यातील कार्व्हाक्रॉल हा त्याचाच सख्खा भाऊ. हे दोन्ही पदार्थ जंतूंच्या बाह्य आवरणास भोके पाडतात आणि पक्ष्याच्या पाचक रसांना चालना देतात. पण हे तेल उडून जाणारे आहे, आणि आपल्या दमट हवेत तर फारच लवकर. म्हणून ओवा आख्खा आणावा, एका पंधरवड्यास पुरेल इतकाच दळावा, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. गोळीखाद्य तयार होताना लागणाऱ्या उष्णतेनेही हे तेल बरेचसे निघून जाते, यास्तव कारखान्यात मिसळलेल्या ओव्यापेक्षा शेडवर मिसळलेला ओवा अधिक गुणकारी ठरण्याचा संभव आहे.

लसणातील गुण आख्ख्या पाकळीत नसतो. पाकळी ठेचली की तिच्यातील ॲलिन आणि एक विकर यांची गाठ पडून ॲलिसिन तयार होते. यासाठी ठेचलेला लसूण दहा मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मग खाद्यात मिसळावा. ओल्या लसणाचे वजन वाळलेल्या पुडीच्या तिप्पट धरावे. अंड्यावरील पक्ष्यांना लसणाचे प्रमाण निम्म्यावर ठेवावे, कारण त्याचा वास अंड्यास लागल्याच्या तक्रारी येतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून, तोही लसणासारखाच उपयोगी पडेल अशी कल्पना काहींनी करून घेतली आहे. पण कांद्यापासून ॲलिसिन तयार होत नाही, आणि अलिबाग तालुक्यातील कार्ले-खंडाळे या गावांच्या त्या गोड कांद्याच्या माळांना बाजारात जो भाव येतो तो पाहता तो कोंबड्यांपुढे टाकण्यात शहाणपण नाही.

हळदीविषयी आपल्या लोकांची श्रद्धा जुनी आहे आणि ती पुष्कळ अंशी सार्थ आहे. तिच्यातील कर्क्युमिन दाह कमी करते आणि यकृताचे रक्षण करते; मात्र ते शेकडा तीनच्या आसपासच असते आणि रक्तात फारसे शोषले जात नाही. आतड्याच्या आजारात ही उणीव बाधत नाही, कारण जेथे काम करावयाचे तेथेच ते राहते. सुट्या हळदपुडीत रंगासाठी शिशाच्या क्षाराची भेसळ होते, ती पक्ष्यांच्या आणि खाणाऱ्यांच्या जिवावर बेतणारी आहे. तेव्हा हळकुंडे आणून स्वतः दळावी. परसातल्या शेवग्याचा पाला सावलीत वाळवून केलेली पूड प्रथिनांनी समृद्ध असते, सुमारे पाव हिस्सा प्रथिने तिच्यात असतात. गावठी कोंबड्यांना आणि अंड्यावरील पक्ष्यांना ती खाद्याच्या शेकडा पाचपर्यंत देता येते, पण हा पाला मे महिन्यापूर्वी वाळवून ठेवला नाही तर पावसाळ्यात त्यास बुरशी धरते. कडुनिंबाच्या बाबतीत उत्साहास आवर घालावा. त्याचे जंतुनाशक गुण खरे असले तरी कडवटपणामुळे पक्षी खाद्य कमी खातो आणि प्रमाण चढले की वाढ खुंटते. किलोमागे दोन ग्रॅमच्या पलीकडे जाऊ नये, आणि वाढत्या ब्रॉयलरला तर तो न दिला तरी काही बिघडत नाही.

प्रमाण ठरविताना आरंभ सावधपणे करावा. माझी शिफारस अशी आहे की, ब्रॉयलरच्या 100 किलो खाद्यास हळद 300 ग्रॅम, लसणाची पूड 500 ग्रॅम अथवा ओला लसूण दीड किलो, आणि ओवा 200 ग्रॅम घ्यावा, आणि हे मिश्रण पिल्ले आठवड्याची झाल्यावर सुरू करावे. सर्व पूड प्रथम पाच किलो मक्याच्या भरड्यात कालवावी, ती वीस किलोत, आणि मग उरलेल्या खाद्यात; एकदम शंभर किलोवर पूड शिंपडली तर काही पक्ष्यांना ती दुप्पट मिळते आणि काहींना मुळीच मिळत नाही. गोळीखाद्य असेल तर पूड तळाशी बसते, त्यासाठी गोळ्यांवर थोडे खोबरेल फिरवून मग पूड चोळावी. खोबरेलातील लॉरिक आम्ल आतड्यातील क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंना प्रतिकूल असल्यामुळे हा आपल्या किनाऱ्यावरचा सहज मिळणारा दुहेरी उपाय आहे. काढे करून पाण्यातून देण्याची हौस पुष्कळांना असते. ती टोपीच्या भांड्यांपुरती ठेवावी, काढा फडक्याने गाळावा, आणि चार तासांत संपला नाही तर ओतून द्यावा. निपलच्या नळीत काढा सोडला की आत चिकट थर बसतो, त्या थरात जंतू घर करतात, आणि क्लोरिनही त्याच्याशी झगडण्यात संपून जाते.

बाजारात मिळणारी, यकृतासाठी म्हणून विकली जाणारी द्रव औषधे घेण्यापूर्वी खाद्याचे पोते उघडून पाहावे. पावसाळ्यात मक्यास बुरशी लागून जे अफ्लाटॉक्सिन तयार होते, ते यकृतावरच आघात करते आणि पक्ष्याची प्रतिकारशक्ती खच्ची करते. पोती भिंतीपासून फूटभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावी. मक्यातील ओलावा शेकडा बाराच्या आसपास असावा. आणि वास कुबट आला तर ते खाद्य परत करावे. अशा द्रव औषधांतील भुईआवळीचा अर्क कितीही चांगला असला तरी रोज नवे विष पोटात जात असता तो पुरा पडणार नाही.

येथवर वाचून पुष्कळांच्या मनात येईल की, आमचे पक्षी तर कंपनीचे, खाद्यही कंपनीचे, त्यात आम्ही काय मिसळणार? आपल्या जिल्ह्यातील ब्रॉयलरचा धंदा बव्हंशी करार पद्धतीने चालत असल्यामुळे ही अडचण खरी आहे, आणि करार मोडून गुपचूप काही मिसळावे असा सल्ला मी देणार नाही. पण खाद्यात आणि औषधांत कोणते घटक आहेत याचा लेखी तपशील मागण्यास कोणताही करार आड येत नाही. तो मागावा, एकट्याने नव्हे, गावातील पाचदहा शेडधारकांनी मिळून एकाच अर्जाने मागावा. प्रत्येक लॉटला कोणते औषध कोणत्या तारखेस दिले याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी. आणि पाणी, तूस, हवा, पडदे, भांड्यांची स्वच्छता, बाहेरच्या माणसांना शेडबाहेर रोखणे, हे सारे तर सर्वस्वी शेतकऱ्याच्याच हाती आहे.

ज्यांचे खाद्य स्वतःचे आहे त्यांनी मात्र कोणाच्या सांगण्यावर, माझ्याही, विसंबून न राहता परीक्षा करावी. एकाच लॉटची दोनशे-दोनशे पिल्ले, एकाच शेडमध्ये, मध्ये जाळी घालून वेगळी ठेवावी. एका बाजूस नेहमीचे प्रतिजैविकरहित खाद्य, दुसऱ्या बाजूस तेच खाद्य वनस्पतींसह. दोन्ही भागांस ऊन-वारा सारखा मिळेल अशी जाळी घालावी, नाही तर परीक्षा वनस्पतींची न होता वाऱ्याची होईल. दर आठवड्यास प्रत्येक बाजूचे तीस पक्षी, निवड न करता हाती येतील तसे, तोलावे. खाद्य आणि मरतुक रोज लिहावी. हिशेब असा: ब्रॉयलर दोन किलोचा होईपर्यंत साधारण 3.3 ते 3.4 किलो खाद्य खातो. हजार पक्ष्यांचे 2000 किलो वजन 3400 किलो खाद्यावर आले तर एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेले खाद्य) 1.70 झाला, तो वनस्पतींमुळे 1.65 वर आला तर शंभर किलो, म्हणजे पन्नास किलोची दोन पोती, खाद्य वाचले. हजार पक्ष्यांना वरील प्रमाणाने सुमारे दहा किलो हळद, सतरा किलो लसूणपूड आणि सात किलो ओवा लागेल. या मालाची किंमत त्या दोन पोत्यांहून अधिक होत असेल आणि मरतुकीतही फरक पडला नसेल, तर प्रमाण निम्म्यावर आणावे किंवा तीनांपैकी एकच घटक ठेवून पाहावे. एका लॉटवरून निर्णय करू नये. हिवाळ्यात जे लागू पडते ते जुलैत पडेलच असे नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर खरी कसोटी जुलैचीच असते.

एका गोष्टीत गैरसमज राहू नये. वनस्पती हे आजारी पक्ष्यांचे औषध नव्हे. मानमोडी, गंबोरो हे विषाणूंचे रोग. त्यांवर प्रतिजैविकही चालत नाही आणि ओवाही नाही, तेथे लसच हवी. पहिल्या आठवड्यात मानमोडीवरील लासोटा लसीची, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गंबोरोची, आणि पुढे लासोटाची दुसरी मात्रा, हा क्रम पशुवैद्यकाच्या सल्ल्याने काटेकोर पाळावा. पाण्यातून लस द्यावयाची त्याच्या आदल्या दिवसापासून क्लोरिन, आम्ल, काढा यांपैकी काहीही पाण्यात नसावे, नाही तर लस पाण्यातच मरते. एका दिवसाची मरतुक नेहमीच्या दुपटीवर गेली तर त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे, मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन करून घ्यावे, आणि जंतुसंसर्ग ठरला तर कोणते औषध त्या जंतूवर चालते हे प्रयोगशाळेकडून समजून घेऊन, पुऱ्या मात्रेने, पुऱ्या मुदतीपर्यंत प्रतिजैविक द्यावे. अशा वेळी औषध नाकारणे ही भूतदया नव्हे. पुण्यास औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुने तेथे पाठविता येतात. मेलेले पक्षी खाडीत किंवा रस्त्याकडेला टाकू नयेत, चुना घालून खोल पुरावे. 2006 साली नवापूरला, आणि जानेवारी 2025 मध्ये आपल्याच उरण तालुक्यातील चिरनेरला, बर्ड फ्लूने काय घडविले हे लोकांना ठाऊक आहे. तेथे लपवाछपवी करणारा स्वतःबरोबर साऱ्या गावाचे नुकसान करतो.

परसात दहावीस गावठी कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींना दोन शब्द. माणसांसाठी दुकानातून आणलेली कॅप्सूल फोडून कोंबड्यांच्या पाण्यात टाकू नये. पिल्लांना कण्यांत चिमूटभर हळद आणि ठेचलेला लसूण घालण्याची आपल्या सासूबाईंची पद्धत चांगली होती, ती चालू ठेवावी. आणि खुराडे रात्री कोरडे राहील, त्यात उंदीर शिरणार नाहीत, याची तजवीज करावी. मानमोडीची लस गावठी पक्ष्यांनाही लागते, हे विसरू नये.

रोह्याजवळ किल्ला येथे कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथील तज्ज्ञांना आपल्या वहीतील नोंदी दाखवाव्या आणि त्यांच्याकडून हिशेब तपासून घ्यावा. पुढच्या लॉटची पिल्ले मागविण्यापूर्वी तीन कामे उरकावी, अशी माझी विनंती आहे: विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासणीस द्यावा, पडद्यांचा वरचा फूटभर भाग मोकळा करून घ्यावा, आणि कपाटात मुदत न लिहिलेल्या जेवढ्या पुड्या असतील तेवढ्या पशुवैद्यकाच्या स्वाधीन कराव्या. ओवा आणि लसूण त्यानंतर आणावा.